२२,८८८ नाणी सांभाळून काय करायचं? (एक्सेटरच्या संग्रहालयातलं रोमन नाणं)

देवगडची
शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. नाणेशास्त्रातलं मला काही कळत नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही इंग्लंडात डेव्हनमध्ये राहतो. आज दिवसभर पाऊस लागून राहिला होता म्हणून लेकीला (वय ९) घेऊन एक्सेटरच्या रॉयल अल्बर्ट मेमोरियल म्युझियममध्ये गेले. तिथे सीटन डाउनचा नाणेनिधी आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये मेटल डिटेक्टर घेऊन रानात फिरणाऱ्या एका हौशी माणसाला तो सापडला. आधी दोनच नाणी मिळाली. थोडं खणल्यावर लोखंडाचे ठोकळे लागले आणि त्यांच्याखाली फावडं भरून नाणी वर आली. त्याने पुढे खणणं थांबवलं आणि पुरातत्त्व खात्याच्या लोकांना कळवलं. त्यांचं उत्खनन पुरं होईपर्यंत तीन रात्री तो तिथेच गाडीत झोपून राखण करत होता. ऐन नोव्हेंबरात! इथली थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल.

मोजल्यावर नाणी भरली २२,८८८. वजन ६८ किलोच्या आसपास. सगळी रोमन आणि तांब्याच्या मिश्रधातूची. सर्वांत जुनी इ.स. २६० च्या दशकातली, सर्वांत अलीकडची इ.स. ३५० च्या जरा आधीची.

त्यातल्या एका नाण्यापाशी मी बराच वेळ थांबले. आपल्या हल्लीच्या रुपयाच्या नाण्याहून लहान. एका बाजूला शिरस्त्राण घातलेली बाई, दुसरीकडे होडीच्या टोकावर उभी असलेली पंखवाली बाई, हातात भाला आणि ढाल. रंग गडद तपकिरी, मधूनच हिरवट. माझ्या आजीच्या डब्यात ढब्बू पैसे आणि भोकाचे पैसे होते, त्यांची आठवण आली.

लेक म्हणाली, "आई, सगळी सारखीच तर आहेत. चांगली दहा ठेवायची की. बाकीची कशाला सांभाळायची?"

मला उत्तर देता आलं नाही. खरंच, कशाला? इथे जाणकार आहेत, म्हणून विचारते. ते नाणं नक्की कसलं तेही कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

---

मोडी_वाचक
शनिवार, रात्री ११:०५

देवगडची, पहिलाच धागा आणि इतका छान. लिहित्या राहा.

तुम्ही केलेल्या वर्णनावरून नाणं ओळखता येतं. शिरस्त्राणवाली बाई म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपोलिस, अर्थात कॉन्स्टँटाइन बादशहाने वसवलेल्या नव्या नगरीचं मानवी रूप. आपण भारतमातेचं चित्र काढतो तसंच हे नगरमातेचं. तिच्याभोवती नगरीचं नाव कोरलेलं असतं. मागची पंखवाली म्हणजे विजयदेवता व्हिक्टोरिया, गलबताच्या नाळेवर उभी. इ.स. ३२४ मध्ये कॉन्स्टँटाइनचा मुलगा क्रिस्पस याने प्रतिस्पर्धी बादशहा लिसिनियसच्या आरमाराला हेलेस्पॉन्टच्या सामुद्रधुनीत हरवलं, ती नाळ त्याच विजयाची आठवण असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात. ११ मे ३३० रोजी नगरीचं रीतसर उद्घाटन झालं आणि त्या सुमारास ही नाणी लाखोंनी पाडली गेली. बादशहाचा मुखवटा नसलेलं नाणं हे त्या काळात विशेषच.

हिची एक जोडीदारीण आहे. तिच्यावर रोम नगरी आणि मागे दोन बाळांना दूध पाजणारी लांडगीण, वर दोन तारे. जुनी राजधानी आणि नवी राजधानी एकाच वेळी लोकांच्या कनवटीला पोचवली होती. पुढच्या वेळी गेलात की लांडगीण शोधा, लेकीला नक्की आवडेल.

मागच्या बाजूला अगदी तळाशी दोन-चार अक्षरं असतात, तीही बघा. ती टाकसाळीची खूण. 'पीएलजी' असेल तर ते लुग्दुनुम म्हणजे आजचं फ्रान्समधलं लिऑं, आणि पहिलं 'पी' म्हणजे तिथला पहिला कारखाना. 'टीआरपी', 'टीआरएस' असेल तर ट्रिअर, पहिला आणि दुसरा कारखाना. नाणं हलकं निघालं किंवा चांदी चोरली गेली तर जबाबदार कोण हे या अक्षरांवरून ठरत असे. लंडनची स्वतःची टाकसाळ इ.स. ३२५ च्या सुमारास बंद पडली होती, त्यामुळे तुमच्या डेव्हनमधल्या माणसाच्या हातात येणारा पैसा समुद्रापलीकडूनच यायचा.

आणखी एक सांगतो. इंग्लंड-वेल्समध्ये सामान्य लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद ठेवणारी 'पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम' आहे. तिच्या नोंदवहीतली दहा लाखावी वस्तू म्हणून २०१४ मध्ये जी जाहीर झाली, ती याच निधीतलं, याच छापाचं नाणं होतं. लिऑंच्या टाकसाळीतलं, इ.स. ३३२ चं.

---

कासारआळी
रविवार, सकाळी ७:२०

मोडीभाऊंनी इतिहास सांगितला, मी धातूचं सांगतो. आमचा पिढीजात धंदा भांड्यांचा, म्हणून या गोष्टी लगेच डोळ्यांत भरतात.

संग्रहालयाच्या पाटीवर सरळ 'कांस्य' न लिहिता 'तांब्याचा मिश्रधातू' असं लिहितात, ते जाणूनबुजून. तांब्यात कथील घातलं की कासं, जस्त घातलं की पितळ, हे आपल्याकडे आजीबाईंनाही ठाऊक असतं. पण दीड हजार वर्षं जमिनीत पडलेल्या, हिरव्या पडलेल्या तुकड्यात काय आहे हे नुसतं बघून कुणीही सांगू शकत नाही. आधीच्या रोमन बादशहांची मोठी नाणी पितळेची होती, सोन्यासारखी झळकायची. पुढे जस्त जवळपास नाहीसं झालं आणि तांबं, कथील, शिसं यांची भेसळ वाढली. शिसं स्वस्त आणि रस पातळ होतो, पण ते तांब्यात विरघळत नाही, ठिपक्याठिपक्यांनी वेगळं राहतं. म्हणून एकाच नाण्यात इथे एक प्रमाण आणि तिथे दुसरं मिळतं. क्ष-किरणांचं यंत्र लावलं तरी ते वरच्या थरापुरतंच सांगतं.

वर चांदीचं नावही आहे बरं का. इ.स. २९४ च्या आसपास डायोक्लेशन बादशहाने या जातीचं नाणं सुरू केलं तेव्हा ते जवळपास दहा ग्रॅमचं होतं आणि त्यात शेकडा तीन-चार चांदी होती. पाडताना चांदी वर येईल अशी प्रक्रिया करत, त्यामुळे कोरं नाणं पांढरं दिसे. चाळीसेक वर्षांत तेच नाणं अडीच ग्रॅमवर आलं, मग ३३६ च्या सुमारास दीड ग्रॅमच्या जवळ, आणि चांदी जेमतेम एखादा टक्का. ज्याच्या खिशात पैसा होता त्याचं दरवर्षी थोडं थोडं हातातून निसटत होतं.

---

शिंपला
रविवार, सकाळी ८:०२

वाचनखूण साठवली. कासारआळी, तुम्ही यावर स्वतंत्र धागा काढाच.

एक शंका. एवढ्या नाण्यांची तेव्हा किंमत किती होती? म्हणजे हा कुणा सावकाराचा खजिना होता का?

---

मोडी_वाचक
रविवार, सकाळी १०:३०

@शिंपला, नाही. ६८ किलो ऐकून छाती दडपते, पण सगळं मिळून साधारण चार सॉलिडसइतकंच (सॉलिडस म्हणजे रोमन सोन्याचं नाणं) ते भरतं असा अभ्यासकांचा अंदाज आहे. एका कामगाराची दोनेक वर्षांची कमाई. कुणा कुटुंबाची साठवण असेल, कुणा व्यापाऱ्याचा गल्ला असेल, मजुरांना वाटायची रक्कम असेल. जवळच हनीडिचेस इथे रोमन वाडा होता. नाणी ज्या थैलीत होती ती कापडाची किंवा चामड्याची असावी. ती कुजून गेली, नाण्यांचा ढीग मात्र खड्ड्यात तसाच राहिला.

दर समजायला डायोक्लेशनचा इ.स. ३०१ चा कमाल दरांचा हुकूम उपयोगी पडतो. त्यात शेतमजुराला जेवण देऊन दिवसाचे २५ दिनार, न्हाव्याला एका डोक्याचे २ दिनार. हुकूम कुणी फारसा पाळला नाही आणि पुढच्या तीस वर्षांत भाव चढतच गेले, तेव्हा ते आकडे या निधीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण असल्या बारक्या नाण्यांनीच भाजी, दाढी, जोडे, दारू असले व्यवहार चालत. सोन्याची नाणी बादशहाची बढाई सांगतात. बाजारात काय चाललं होतं ते विचारायचं तर तांब्यालाच विचारावं लागतं.

पुरलेली रक्कम न्यायला कुणी परत का आलं नाही? मला राहून राहून एक शंका येते. ३४८ मध्ये नाणी बदलली, नवी मोठी नाणी आली. जुनी बारीक नाणी त्यानंतर कुणी घेईना झालं असेल, तर खणून काढायचे कष्ट कोण घेणार? आपण नोटा बदलताना पाहिल्या आहेत, त्यामुळे असं घडू शकतं हे पटायला वेळ लागत नाही.

---

सह्यकडा
रविवार, दुपारी १२:१५

सगळं वाचलं, माहिती उत्तम आहे. पण मला लेकीचं म्हणणं पटतं आणि ते स्पष्ट लिहितो.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या संग्रहालयात काही काळ काम केलं आहे. तांब्या-शिशाची नाणी गोणपाटाच्या पिशव्यांत, वर नुसता वर्षाचा आकडा. नोंद करायला माणूस नाही, ठेवायला कोरडी खोली नाही. पावसाळ्यानंतर पिशवी उघडली की हिरवी भुकटी. अशा वेळी वाटायचं, शंभर उत्तम नाणी निवडून नीट जपावीत, बाकीची अभ्यासकांना आणि शाळांना देऊन टाकावीत. सगळंच धरून बसलं की एकही धड राहत नाही. एकसारखी बावीस हजार नाणी, प्रत्येकाचा फोटो, प्रत्येकाचं वजन, हे श्रीमंत देशाला परवडतं.

---

मोडी_वाचक
रविवार, दुपारी ३:५०

सह्यकडा, तुमची तळमळ समजते, आणि कोरड्या खोलीबद्दल दुमत नाही. पण निवडून दहा ठेवण्याच्या विरोधात माझ्याकडे आपल्या घरचाच दाखला आहे.

१९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा निधी मिळाला. १३ हजारांवर नाणी. त्यातल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला होता आणि उरलेली नहपानाच्या छापाची तशीच होती. नहपानाला जिंकल्यावर सातकर्णीने त्याची नाणी मागवून त्यांवर स्वतःची मोहोर उठवली, आणि ते काम अर्ध्याच्या पुढे गेलं होतं, हे आपण आज सांगू शकतो ते सगळी नाणी मोजली गेली म्हणून. चांगली दहा निवडली असती तर? निवडणाऱ्याने स्वच्छ, एका छापाची नाणी घेतली असती. ज्यांच्यावर दोन मोहोरा एकमेकींवर चढून गोंधळ झाला आहे ती 'खराब' म्हणून बाजूला पडली असती. इतिहास नेमका त्या खराब नाण्यांत होता.

सीटन डाउनचंही तेच. कोणत्या टाकसाळीची किती, कोणत्या वर्षाची किती, अस्सल किती आणि गावठी नकला किती? हे आकडे एकेका नाण्याने बनतात. ३४० च्या दशकात ब्रिटनकडे येणारा पैसा आटला तेव्हा तिथल्या आणि गॉलमधल्या (आजच्या फ्रान्सच्या बाजूच्या) लोकांनी घरच्या घरी नकली नाणी पाडली. अक्षरं उलटीपालटी, चेहरा कसातरी. कधी तर पुढे कॉन्स्टॅन्टिनोपोलिस आणि मागे लांडगीण असा संकर. त्यांना मी खोटेपणा म्हणणार नाही. सुटे पैसे नाहीत आणि बाजार तर चालवायचाय, अशा माणसांनी काढलेली ती वाट आहे. यातलं एकेक नाणं दुकानात चहापोह्याच्या दरात मिळेल, पण कुठे आणि कुणाच्या सोबत सापडलं हे माहीत नसलेलं नाणं मुकं असतं.

---

कल्याणकर
रविवार, रात्री ८:४४

माझ्या गावाचा संबंध आहे म्हणून लिहितो.

याच जातीची, रोमन काळाच्या उत्तरार्धातली तांब्याची नाणी भारतात तमिळनाडूत मिळाली आहेत, करूरपाशी अमरावती नदीच्या पात्रात आणि मदुराईत. श्रीलंकेत तर हजारोंनी, आणि तिथल्या लोकांनी त्यांच्या नकलाही पाडल्या. ब्रिटनमध्ये जी गरज, तीच लंकेत! एकाच बादशाहीचा सुटा पैसा दोन टोकांना कमी पडतो आणि दोन्हीकडची माणसं तोच उपाय करतात, हे मला विलक्षण वाटतं.

आपल्या कोकण किनाऱ्याचं चित्र वेगळं आहे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत भडोचला येणाऱ्या मालात तांबं, कथील आणि शिसं आहे. पैठण, तेर, सोपारा, कल्याण ही नावंही त्यात येतात. पुढे सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉसमस नावाचा व्यापारी, जो नंतर साधू झाला, पश्चिम किनाऱ्यावरच्या 'कल्लियाना' बंदराबद्दल लिहितो. तिथून तांबं, लाकूड आणि कापड बाहेर जातं म्हणतो. कल्लियाना म्हणजे आमचं कल्याण. त्याच्या यादीतलं 'सिबोर' म्हणजे चौल असं मानतात. त्याच्या पाचशे वर्षं आधी ज्या किनाऱ्यावर तांबं उतरत होतं, तिथूनच ते चढू लागलं. परदेशी तांब्याची नाणी इथे का टिकली नाहीत, याचं एक कारण मला यात दिसतं. भट्टी आणि कारागीर जवळ असले की परकं नाणं वितळायला किती वेळ लागतो? हा माझा तर्क आहे, पुरावा म्हणून घेऊ नका.

---

पंचगंगाकाठ
सोमवार, सकाळी ६:५५

कल्याणकर, वितळवण्याचं पटतंय. शिवाय सातवाहनांच्या काळापासून आपल्याकडे शिसं, तांबं आणि पोटीनची (तांबं-कथील-शिशाच्या मिश्रधातूची) भरपूर नाणी होती, सुट्या पैशाची वानवा नव्हती. आमच्या कोल्हापुरात ब्रह्मपुरी टेकडीवर कुर राजांची शिशाची धनुष्यबाणवाली नाणी मिळाली. त्याच टेकडीवर १९४० च्या दशकातल्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली, ती टाउन हॉल म्युझियममध्ये आहे. रोमहून मूर्ती आली, आणि बाजारात पैसा मात्र घरचाच. लहानपणी वडिलांचं बोट धरून ती मूर्ती पाहिली होती. वितभर सुद्धा नाही, पण अजून डोळ्यांसमोर आहे.

---

तिफण
सोमवार, दुपारी १:३०

सह्यकडा यांनी हिरव्या भुकटीचा उल्लेख केला त्यावर. मी जतनाचं काम करते. कृपा करून हे सगळ्यांनी वाचा.

जमिनीतले क्षार तांब्यात शिरलेले असतात. हवा दमट झाली की ते जागे होतात, फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी येते आणि नाणं आतून पोखरलं जातं. याला 'ब्रॉन्झ डिसीज' म्हणतात. गडद, गुळगुळीत, घट्ट हिरवा थर मात्र वेगळा. तो नाण्याचं कवच आहे, बारीक अक्षरं त्याच थरात शिल्लक असतात. तो काढायचा नसतो.

हे शिकण्याआधी मी स्वतः एक गुन्हा केलाय. आजोबांच्या पेटीतली सातवाहन पोटीनची सात नाणी मी बारावीच्या सुट्टीत चिंच आणि रांगोळीने घासली, देवाची भांडी घासतो तशी. लख्ख झाली. हत्तीची सोंड, ब्राह्मी अक्षरं, सगळं चिंचेबरोबर मोरीत गेलं. आजोबा काही बोलले नाहीत, नाणी परत पेटीत ठेवली. ती आज माझ्या टेबलावर असतात. अजून वाईट वाटतं.

घरी असं काही असेल तर धुऊ नका, तेल लावू नका. कागदी पाकिटात, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या डब्यात ठेवा आणि कुठून आलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा. शेतात सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १८७८ चा निखात निधीचा (म्हणजे पुरलेल्या धनाचा) कायदा अजून लागू आहे आणि त्यातली कळवण्यासाठीची किमतीची मर्यादा आहे दहा रुपये.

---

सह्यकडा
सोमवार, रात्री ९:१०

जोगळटेंभीच्या आकड्यांनी मला गप्प केलं, मोडीभाऊ. त्या पिशव्यांतही असंच काही असेल, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी निदान वजनं तरी करून ठेवली असती. मागणी बदलतो. आधी कोरडी खोली आणि नोंद करणारा एक माणूस. निवडणं नंतर, जमलं तर नकोच.

---

देवगडची
पुढचा रविवार, सायंकाळी ६:२५

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला कारण आम्ही काल परत गेलो होतो.

लांडगीण सापडली! लेकीने माझ्या आधी पाहिली. तळाची अक्षरं काचेतून वाचायला जमत नव्हती, मग तिने मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. 'पीएलजी' नव्हतं, 'टीआर' एवढं स्पष्ट होतं, पुढचं झिजलेलं. म्हणजे ट्रिअर. तिला जोगळटेंभीची गोष्ट सांगितली. "म्हणजे खराब नाणी टाकली असती तर त्या राजाचं काम कळलंच नसतं," म्हणाली आणि गाडीत बराच वेळ गप्प होती.

घरी आल्यावर तिने भारतातून आणलेल्या सुट्या पैशांचा डबा जमिनीवर ओतला. आपल्या नाण्यांवर सालाच्या खाली चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता, हे मी तिला सांगितलं (मलाही आत्ताच कळलं). तिने चार ढीग केले. मुंबई ३१, हैदराबाद १२, नोएडा ९, कोलकाता ७. त्यात आजीचे तीन भोकाचे पैसेही निघाले, ते तिने कुठल्याच ढिगात घातले नाहीत. तिफणताई, तुमचं ऐकून तिने ते धुतले नाहीत. पाकिटात ठेवले आणि वर पेन्सिलने लिहिलं, 'पणजीचा डबा, देवगड, स्वयंपाकघर, खालचं फडताळ'.

आता ती विचारतेय, मुंबईचीच एवढी का? आम्ही तर देवगडचे.